तळ्याकाठी तंबू, जबाबदारी वाऱ्यावर

भंडारदरा, पवना परिसरात कुटुंबांची गर्दी. नियम अनेक, नियामक मात्र कोणीच नाही

दिवाळी सरली की सह्याद्रीतील धरणांच्या काठावर रंगीबेरंगी तंबू दिसू लागतात, ते थेट मृगाच्या पहिल्या सरींपर्यंत. मुंबई, पुणे, नाशिकहून शनिवारी निघालेली कुटुंबे संध्याकाळी पाण्याकाठी पोहोचतात, रात्र तंबूत काढतात आणि रविवारी परततात. एके काळी गिर्यारोहक आणि महाविद्यालयीन तरुणांपुरता मर्यादित असलेला हा मुक्काम आता लहान मुले व आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांचा झाला आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर मोकळ्या हवेची ओढ वाढली, तसा त्याला आणखी जोर आला. शांत पाणी, गर्द झाडी आणि चांदण्यांनी भरलेले आकाश एवढीच या कुटुंबांची मागणी असते. या माफक मागणीभोवती मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. मात्र तो कोणाच्या परवानगीने चालतो, त्यावर देखरेख कोणाची आणि दुर्घटना घडल्यास जाब कोणाला विचारायचा, या तीन साध्या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नाहीत.

हौस नव्हे, गरज

या मुक्कामाकडे केवळ श्रीमंती चैन म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत वाढणाऱ्या मुलाला खरा काळोख ठाऊक नसतो. रातकिड्यांचा आवाज, ओल्या मातीचा वास, चुलीवरची भाकरी या गोष्टी त्याच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातून येतात. आजोळचे गाव आता अनेकांना उरलेले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मामाच्या घरी महिनाभर राहण्याची पद्धत मोडीत निघाली, तिची जागा शनिवार-रविवारच्या सहलीने घेतली. त्यातही हॉटेलच्या खोलीचे भाडे चार जणांच्या कुटुंबाला जड जाते. माणशी ठरलेल्या दरात तंबू, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळत असेल, तर मध्यमवर्ग तिकडे वळणारच.

गावाच्या बाजूनेही हिशेब तितकाच खरा आहे. डोंगराळ भागात भातशेती एकाच हंगामाची. खरीप संपला की तरुणांना नारायणगाव, संगमनेर, नाशिक किंवा मुंबईची वाट धरावी लागते. घराच्या अंगणात चार तंबू लावले, घरातल्या बायकांनी पिठलं-भाकरी रांधली, की आठवड्याचा खर्च निघतो आणि स्थलांतर टळते. म्हणूनच हा प्रश्न शहर विरुद्ध गाव असा मांडता येत नाही. येणाऱ्याला शांतता हवी आहे आणि राहणाऱ्याला रोजगार. दोघांचीही गरज एकाच पाण्याच्या काठावर येऊन भेटते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी व्यवस्था गैरहजर आहे.

तळे नव्हे, धरण

जाहिरातींत ज्याला ‘लेक’ म्हटले जाते, ते बहुतेक ठिकाणी नैसर्गिक तळे नसून धरणाचा फुगवटा असतो. हा फरक शब्दांपुरता नाही. मुक्कामाची सुरक्षितता आणि जमिनीचा हक्क हे दोन्ही प्रश्न त्यातूनच निर्माण होतात.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर बांधलेले भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाभोवती शेंडी, मुतखेल, रतनवाडी, घाटघर ही गावे वसली आहेत. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर याच परिसरात येते. हा सारा टापू १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आणि अनेक ठिकाणी त्याच्या आतच आहे. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर. येथील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची.

मावळ तालुक्यातील पवना धरण त्या मानाने अलीकडचे, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचे. क्षमता सुमारे साडेआठ टीएमसी. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या वेढ्यातील हा जलाशय पुण्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर असल्याने तंबूंची दाटी येथे अधिक. धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेत येथे उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते. म्हणजे शनिवारी रात्री काठावर जे सांडते, त्याचा अंश त्याच शहराच्या नळाकडे निघतो.

पवनेच्या काठाला आणखी एक जखम आहे. धरणासाठी जमिनी दिलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन दशकानुदशके रखडले. पुढे पिंपरी-चिंचवडसाठी बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला. ज्या पाण्याने जमीन नेली आणि ज्याच्यासाठी माणसे गेली, त्याच पाण्याच्या काठावर आज तंबूंच्या रूपाने चार पैसे मिळत आहेत. ‘हे सारे उद्यापासून बंद’ असा फतवा काढताना हा इतिहास विसरून चालणार नाही.

जमीन कोणाची, परवाना कोणाचा?

तंबूला पाया नसतो, भिंत नसते. तो सकाळी उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळला जातो. बांधकाम नसल्यामुळे तो बांधकाम परवानगीच्या चौकटीत सहज बसत नाही. कायमची खोली नसल्यामुळे त्याला हॉटेलचे नियम लावतानाही अडचण येते. ही पळवाट व्यवसायाच्या पथ्यावर पडली आहे.

काठाची जमीनही एका मालकाची नाही. जलाशयाची पूर्ण पातळी आणि उन्हाळ्यात खाली गेलेले पाणी यांच्या दरम्यान जो पट्टा उघडा पडतो, तो जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. ग्रामीण महाराष्ट्राला तो ‘गाळपेर जमीन’ म्हणून परिचित आहे. ही जमीन तात्पुरत्या लागवडीसाठी दिली जाते आणि तीत प्रकल्पग्रस्तांचा प्राधान्यक्रम मानला जातो. पाण्याला अगदी लागून लावलेले तंबू पुष्कळदा याच पट्ट्यात येतात. त्याच्या वर शेतकऱ्यांची मालकीची जमीन आणि तिच्या वर वन विभागाची हद्द. एकाच मुक्कामात तंबू जलसंपदाच्या जमिनीवर, स्वयंपाक खासगी शेतात आणि शेकोटीची लाकडे वनातली, असा प्रकार घडू शकतो. कारवाईची वेळ आली की प्रत्येक विभागाला दुसऱ्याच्या हद्दीकडे बोट दाखवण्याची सोय आहे.

कायदे नाहीत असे मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात रहिवासी सोडून इतरांना परवान्याशिवाय प्रवेश नाही. तेथे कचरा टाकण्यास आणि वनाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवण्यासही मनाई आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ राखीव वनातील आगीला गुन्हा ठरवतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यांत नोंदणीची आणि सुरक्षिततेची भाषा आहे. मात्र वन, जलसंपदा, महसूल, पर्यटन, पोलीस आणि ग्रामपंचायत या सहा यंत्रणांपैकी एका काठावर एका रात्री किती तंबू असावेत, हे ठरवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे या गर्दीत स्पष्ट होत नाही. सारा गोंधळ या एका न ठरलेल्या आकड्यापासून सुरू होतो.

पाणी, धूर आणि वीज

या मुक्कामांतील धोके नवे नाहीत. ते ओळखता येतात आणि बहुतांशी टाळताही येतात.

पहिला धोका पाण्याचा. नैसर्गिक तळ्याचा काठ बहुधा उथळ आणि सावकाश उतरता असतो. धरणाचा फुगवटा मात्र जुन्या दऱ्या-ओढ्यांवर चढलेला असतो. चार पावले गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला खोल दरी, असे तेथे होऊ शकते. सिंचनाचे आवर्तन सुटले की पातळी उतरते आणि काठावर वरून सुकलेला, आतून मऊ असा गाळ उरतो. त्यात पाय रुतला तर पोहणाऱ्यालाही सुटणे अवघड. शहरातील तरणतलावात शिकलेले पोहणे येथे फारसे उपयोगी पडत नाही.

दुसरा धोका धुराचा, आणि तो सर्वांत फसवा. थंडीच्या रात्री मुलांना ऊब मिळावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत किंवा तंबूच्या दाराशी ठेवली जाते. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो आणि झोपेतला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे सहलीला गेलेल्या केरळच्या आठ पर्यटकांचा रिसॉर्टच्या बंद खोलीतील हीटरमुळे मृत्यू झाला. त्यांत चार मुले होती. तंबूचे कापड हवेशीर असते हा समज दव पडून कापड ओले झाल्यावर आणि चेन लावल्यावर टिकत नाही.

तिसरा धोका आकाशातून येतो. एप्रिलपासून जूनपर्यंत वळिवाच्या पावसात विजांचे प्रमाण मोठे असते. उघड्या काठावर तंबू हीच सर्वांत उंच वस्तू असेल, तर तो आसरा ठरत नाही. अशा वेळी पक्के घर किंवा छत असलेली बंद मोटार हाच खरा आडोसा.

चौथा धोका वन्यप्राण्यांचा. तो टाळायचा तर तंबू कुठे लावला याला फार महत्त्व येते. केरळच्या वायनाड जिल्ह्यात मेप्पाडीजवळ जानेवारी २०२१ मध्ये एका खासगी रिसॉर्टच्या तंबूत मुक्कामाला आलेल्या महिलेचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि वनाच्या कडेला लावल्या जाणाऱ्या तंबूंच्या परवान्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. सह्याद्रीच्या या भागात हत्ती नाहीत, परंतु बिबट्या आहे. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकले की भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तंबू गुंडाळून पर्यटक निघून जातात. बिबट्याला लागलेली वस्तीची सवय मात्र गावाला भोगावी लागते.

काजव्यांचे आमंत्रण, काजव्यांची अडचण

शांततेचा व्यापार शांततेलाच कसा गिळतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण भंडारदऱ्याच्या काजव्यांचे आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, मोठा पाऊस सुरू होण्यापूर्वी, येथील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशी झाडे काजव्यांनी लखलखतात. या काही रात्रींसाठी मोटारींची रांग घाटात लागते.

काजव्याचा प्रकाश हा त्याचा संवाद आहे. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते आणि त्यावर पुढची पिढी अवलंबून असते. प्रौढ काजव्याचे आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचे. त्याआधीचा मोठा काळ अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्यात आणि गोगलगायींच्या शिकारीत जातो. मोटारीचे दिवे, विजेऱ्या, मोबाइलचे झोत आणि तंबूंवरच्या दिव्यांच्या माळा यांमुळे हा संवाद तुटतो. अंधारात झाडापर्यंत जाण्याच्या घाईत पायांखाली तुडवला जातो तो जमिनीलगत असलेल्या माद्यांचा अधिवास. यंदाचे नुकसान पुढच्या हंगामात दिसते, तोवर पर्यटक दुसऱ्या ठिकाणाच्या शोधात असतो. वन विभाग काजव्यांच्या हंगामात वेळोवेळी निर्बंध जाहीर करतो. मात्र अभयारण्यातील गावांच्या आडवाटांवर, शनिवारच्या गर्दीत, हाताशी असलेल्या थोड्या कर्मचाऱ्यांकडून ते पाळून घेणे सोपे नाही.

शेकोटीचेही तेच. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ मानला जातो. तंबूंच्या हंगामाचा जवळजवळ निम्मा भाग याच काळात येतो. वाळलेल्या गवतावर उडालेली एक ठिणगी अख्खी डोंगरधार काळी करू शकते.

बंदी येते, बंदी जाते

प्रशासनाचा आजवरचा प्रतिसाद ठरावीक आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यातून एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत चार मुले होती. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, मावळातच कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. या दोन्ही घटना तंबू-मुक्कामाच्या नाहीत. पण दुर्घटना, आदेश, काही आठवड्यांची कडक नाकाबंदी आणि मग पूर्ववत गर्दी, हे चक्र त्यांतून पुरेसे स्पष्ट होते.

तंबूंवर सरसकट बंदी घातली तर काय होईल, याचा अंदाज कठीण नाही. ज्याची ओळख आणि भांडवल मोठे, तो दुसऱ्या नावाने व्यवसाय चालू ठेवील. अंगणात चार तंबू लावणारा स्थानिक मात्र पहिल्या दिवशी बाहेर फेकला जाईल. पर्यटक थांबणार नाहीत. ते अधिक आडबाजूला, अधिक असुरक्षित काठावर जातील. दुसरीकडे, ‘रोजगार आहे, चालू द्या’ ही भूमिकाही तितकीच अदूरदर्शी आहे. येथे विकली जाणारी वस्तू म्हणजे शांतता, काळोख आणि स्वच्छ पाणी. तंबूंची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की ही वस्तूच उरत नाही. मग दर पडतात, कुटुंबे पाठ फिरवतात, मद्यपी टोळकी येतात आणि गावाच्या हाती प्लास्टिकचा ढीग राहतो.

आधी मोजा, मग परवाना द्या

यातून मार्ग काढायचा तर सुरुवात मोजणीपासून करावी लागेल. प्रत्येक जलाशयाच्या काठाची वहनक्षमता ठरवणे, म्हणजे एका रात्री किती माणसे, किती वाहने आणि किती शौचालये याचे प्रमाण निश्चित करणे, ही पहिली पायरी. अमेरिकेतील राष्ट्रीय वनांत मुक्काम पाण्यापासून साधारण २०० फूट दूर ठेवण्याचा दंडक अनेक ठिकाणी पाळला जातो. त्यामागचे कारण सोपे आहे: सांडपाणी आणि मैला मातीत मुरावा, पाण्यात जाऊ नये. आपल्याकडेही पूर्ण जलपातळीपासून असे अंतर आखून खांब रोवणे फार खर्चाचे काम नाही. ते झाले तर गाळाचा पट्टा आपोआप मोकळा राहील आणि मुलांचा झोपण्याचा तंबू पाण्यापासून दूर जाईल.

दुसरी पायरी परवाना एकाच खिडकीतून देण्याची. सहा विभागांच्या संमतीने, पण एकाच अधिकाऱ्याच्या सहीने दिलेला हंगामी परवाना असावा. त्यावर तंबूंची कमाल संख्या, जीवरक्षक जॅकेट, शौचालय, प्रथमोपचार आणि जवळच्या रुग्णालयाची माहिती असावी. तो परवाना मुक्कामाच्या दाराशी मराठीत लावलेला असावा. सही कोणाची आहे हे दिसले की जाब कोणाला विचारायचा तेही कळते.

तिसरी पायरी गावाला भागीदार करण्याची. अकोले तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला स्थान दिले आहे आणि २००६ च्या वन हक्क कायद्याने सामूहिक हक्कांची वाट मोकळी केली आहे. संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांचाही अनुभव राज्याला आहे. परवान्यांत प्रकल्पग्रस्त आणि स्थानिक कुटुंबांना प्राधान्य मिळाले आणि प्रवेश शुल्काचा ठरलेला वाटा ग्रामसभेकडे आला, तर काठावर पहारा देणारे डोळे आपोआप वाढतील. आपल्या काजव्यांची राखण गावाइतकी दुसरे कोणी करणार नाही, मात्र त्या राखणीचे मोल गावाला मिळाले पाहिजे.

पर्यटक कुटुंबांवरही जबाबदारी येतेच. आगाऊ पैसे भरण्यापूर्वी तंबू पाण्यापासून किती दूर आहे, मुक्काम कोणाच्या जमिनीवर आहे, स्त्रियांसाठी शौचालय आहे का, रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद होतो का आणि शेकोटी कोठे पेटवली जाते, हे पाच प्रश्न विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ज्या मालकाला त्यांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडे मुलांना घेऊन जाऊ नये. गिऱ्हाईक असे विचारू लागले, तर व्यवसायाला शिस्त लागायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

तथापि ग्राहकाची जागरूकता हा प्रशासनाच्या कर्तव्याला पर्याय होऊ शकत नाही. दर हंगामात हजारो कुटुंबे या काठांवर निजतात, तेव्हा त्यांनी कोणावर तरी विश्वास टाकलेला असतो. तो ‘कोणी तरी’ कोण, हे पुढच्या दुर्घटनेनंतरच्या चौकशीत शोधण्यापेक्षा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहिले जावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जलसंपदा, वन आणि महसूल या तीन विभागांचे अधिकारी एका टेबलाभोवती बसून एका जलाशयाचा नकाशा आखून देऊ शकतात. भंडारदऱ्यापासून त्याची सुरुवात झाली, तर पवनेसह राज्यातील इतर काठांनाही तो वस्तुपाठ ठरेल.